दुपारी जेवायला जाणारा सर्व्हर

तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय वाईट. शब्द दातांच्या फटीतून निसटतात, ओठ हलत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला वाटतं ही बाई आपल्यावर चिडलेली आहे. टाचणीताईंच्या बाबतीत ऐकणाऱ्याचा अंदाज बहुधा बरोबर निघायचा.

नाव नटमंडळींनी दिलेलं. विंगेत उभं राहून, प्रवेशाची घंटा होत असताना, कुणाचा उसवलेला काठ, कुणाचा निसटलेला पट्टा त्या असा झटक्यात टाचून देत की आपलं काही उसवलं होतं हे त्या नटाला टाळ्या घेऊन परत आल्यावर कळायचं. सेनापती असो नाहीतर भिकारी, त्यांच्यापुढे सगळे हात वर करून शहाण्या मुलांसारखे उभे राहत. "हलू नका, टोचेल," हे एकच वाक्य त्यांनी रंगभूमीला दिलं. मोठमोठ्या नटांना लांबलचक स्वगतांनी जी शांतता मिळाली नाही, ती या वाक्याला मिळायची.

त्यांचा जन्म कपड्यांच्या ढिगातलाच. नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत वडिलांचं नाटकाचे कपडे भाड्याने देण्याचं दुकान होतं. बेतायच्या मेजावर कात्री चालायची आणि मेजाखाली ही पोर चिंध्यांचे राजेराण्या करून खेळायची. जरा मोठी झाल्यावर वडिलांनी तिला एका उंच स्टुलावर बसवलं आणि गाठोडी बांधायला शिकवलं.

गाठोडं म्हणजे काय, ते सांगायला हवं. नाटकातला न्यायाधीश नुसत्या काळ्या झग्याने होत नाही. आतला सदरा, गळ्याची पांढरी पट्टी, टोप, टोपाखालची जाळी, चष्मा, आणि पायऱ्यांवरून घसरू नये म्हणून बुटांच्या तळाला लावायचे रबरी तुकडे. यातलं एक राहिलं की न्यायमूर्ती निकाल द्यायच्या आधीच पडतात आणि नाटकही पडतं. म्हणून प्रत्येक भूमिकेचं वेगळं गाठोडं. सगळ्यांत शेवटी चढवायची वस्तू तळाशी, सगळ्यांत आधी लागणारी वर. विंगेतल्या अंधारात नटाने नुसता हात घातला तरी जे हवं तेच हाताला लागलं पाहिजे. या क्रमाला त्या घरात 'जोडणी' म्हणत. वडिलांच्या मागे ती जोडणी एकाच डोक्यात होती, आणि ते डोकं स्टुलावर बसलेलं असायचं.

थोरला भाऊ गल्ल्यावर बसायचा. दिसायला देखणा, बोलायला मध. आलेल्या गिऱ्हाइकाला तो अशा काही अदबीने कोचावर बसवायचा की कपडे न घेता उठायला लाज वाटावी. दादा माणसं सांभाळायचा, ताई गाठोडी. वडील होते तोवर तराजू सरळ होता.

वडील गेले आणि दादाच्या अंगात सुधारणा संचारली. काचेचा दर्शनी भाग आला, पिवळे दिवे आले, सगळे वेश हँगरवर लटकले. टाचणीताई म्हणाल्या, "दादा, हँगरवर झगा राहतो, जाळी राहत नाही. रबराचे तुकडे कुठे लटकवणार आहेस?"

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. दादा सगळ्यांकडे बघून गोड हसला. "हिचं मनावर घेऊ नका हं. धंद्यातलं हिला काय कळतंय? गाठोडी बांधणारी ती."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, आपलं दादा हसला म्हणून हसले. टाचणीताईंनी तोंडातल्या टाचण्या तळहातावर घेतल्या, स्टुलावरून उतरल्या आणि चालू लागल्या. पाठीमागून दादाचा आवाज आला, अगदी मायेचा, "जाशील कुठे गं? स्टूल ठेवलंय तुझं. येशीलच."

माणसं अपमान गिळतात, नाहीतर विसरतात. टाचणीताईंनी तो धुतला, इस्त्री केली, घडी घातली आणि डांबराच्या गोळ्या टाकून जपून ठेवला. प्रसंग आला की वापरायला.

त्यांनी दुकान काढलं ते दादाच्या बरोबर समोर. गल्ली एवढी अरुंद की इकडून शिंकलं तर तिकडच्याने नाक पुसावं. वडिलांचा माल सगळा दादाकडे राहिला होता, पण वडिलांचे बेत ताईंच्या बोटांत होते. त्यांनी एकेक वेश पुन्हा शिवला. आणि बरोबर नवरा होता.

नवरा नाट्यगृहात दिवे सांभाळायचा. सगळे त्याला दिवेवाले म्हणत. सूर्योदय, विजा, वणवा, सगळं त्याने बटणांवर केलेलं. स्वतः मात्र आयुष्यभर अंधारात बसलेला. निवृत्त झाल्यावर बटणांची सवय सुटेना म्हणून तो कॉम्प्युटरकडे वळला आणि त्याने बायकोच्या दुकानासाठी वेबसाइट उभी केली. ती एका व्हर्च्युअल सर्व्हरवर चालायची.

"म्हणजे काय?" टाचणीताईंनी विचारलं होतं.

"कुठेतरी एक प्रचंड मशीन आहे. त्यातला एक कोपरा आपण भाड्याने घेतलाय. नाट्यगृहात रंगपटाची एक खोली घ्यायची आणि नाट्यगृह आपल्या बापाचं असल्यासारखं वागायचं, तसं."

"बापाचं म्हणू नका. बापाचं काय झालं ते समोर दिसतंय."

त्या वेबसाइटवर ताईंनी जोडणी मांडली. खलाशी, न्यायाधीश, पोस्टमन, म्हातारी राणी, तरुण राणी. प्रत्येक वस्तूचा फोटो, कशाच्या आत काय, कशाच्या वर काय, गाठ कुठे. "टाकान्‌टाका दिसला पाहिजे," एवढी त्यांची अट. दिवेवाल्यांनी ती शब्दशः पाळली. पुढे जे रामायण झालं ते त्या अटीतून झालं, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक?

साइट चालली. लांबलांबची हौशी मंडळं तिथे बघून वेश मागवू लागली. आणि अचानक, नाट्यगृहाचा नवा हंगाम तोंडावर आला असताना, साइटने मान टाकली. पान उघडेना. मधोमध एक चक्र फिरत राहायचं, अगदी निवांत, घाण्याला जुंपलेल्या बैलासारखं.

त्याच सुमाराला नाट्यगृहाच्या वेशभूषाकार बाईंचा फोन आला. कमी बोलणाऱ्या, पण बोललेलं पुसता न येणाऱ्या. "ताई, सबंध हंगामाचे कपडे यंदा एकाच दुकानाला द्यायचे ठरलेत. मी आधी जोडणी बघते, मग दुकान. तुमचं पान दोनदा उघडायला गेले, चक्र फिरतंय नुसतं. तुमच्या दादांकडची जोडणी मात्र छान मांडलीय म्हणतात. शनिवारी गल्लीत येतेय, आधी त्यांच्याकडे, मग तुमच्याकडे. तोवर उघडलं तर बघा."

टाचणीताईंनी फोन ठेवला आणि खिडकीतून समोर पाहिलं. हंगाम दादाकडे गेला तर हे दुकान बंद करावं लागणार, यात शंका नव्हती. मग या वयात जायला एकच जागा उरत होती. ती उंच होती, तिला चार पाय होते, आणि ती 'ठेवलेली' होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे मशीन उघडा. काय दुखतंय त्याला, मला बघायचंय."

दिवेवाल्यांनी पडद्यावर काळी चौकट उघडली आणि एक हुकूम टाइप केला. सर्व्हरवर कोण किती राबतंय ते त्यात दिसायचं. सगळ्यांत वर आकडा होता: प्रोसेसर, शंभर टक्के.

"शंभर म्हणजे चांगलं ना?"

"परीक्षेत. इथे शंभर म्हणजे एकट्या नटाने सगळ्या भूमिका करायच्या आणि पडदाही त्यानेच ओढायचा."

त्यांनी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. आकडा खाली आला. दोघांनी चहा घेतला. कप खाली ठेवतायत तोवर आकडा पुन्हा कपाळावर. ज्या कंपनीकडून सर्व्हर घेतला होता तिच्या मदतकेंद्राला लिहिलं. तिथून हसऱ्या चेहऱ्याचं उत्तर आलं: मोठं मशीन घ्या.

"पोट बिघडलं म्हणून मोठं ताट घ्या म्हणतोय मेला," टाचणीताई म्हणाल्या.

मग दिवेवाल्यांनी एकेक दिवा विझवून बघावा तसं केलं. वेबसाइटी धुंडाळत फिरणारे यांत्रिक पाहुणे असतात, ते फार पानं मागतात, त्यांना अडवलं. आकडा ढिम्म हलला नाही. माहितीचा साठा तपासला. तो बिचारा निमूट बसला होता. राबत होता तो फोटो तयार करणारा भाग. कुणीतरी फोटो मागतच होतं, मागतच होतं.

"पण कोण?"

"तेच शोधतोय. तू जरा शिवत बस, डोक्यावर उभी राहू नकोस."

टाचणीताई खिडकीशी शिवायला बसल्या. दुपारच्या त्या वेळी त्यांची एक खास करमणूक असे. समोरचं दुकान जेवणासाठी बंद व्हायचं. दादाचं शटर गंजलेलं, अर्ध्यावर अडकायचं, आणि दादाला लोंबकळून ते ओढावं लागायचं. एवढ्या देखण्या माणसाला शटरला लोंबकळताना बघून ताईंचं जेवण पचायचं. आजही शटर खर्रर्र करत आलं, अडकलं, दादा लोंबकळला, शटर धाडकन पडलं.

"उतरला!" आतून दिवेवाले ओरडले.

"हो, बघतेय मी. आज जास्तच लोंबकळला."

"अगं प्रोसेसर! प्रोसेसर उतरला. शंभरावरून एकदम तळाला आलाय. मी तर काहीच केलं नाही."

टाचणीताईंची सुई हवेतच थांबली. त्यांनी समोरच्या बंद शटरकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या पाठीकडे. मग परत शटरकडे.

"पुन्हा चढला की हाक मारा," त्या हळूच म्हणाल्या.

दादा जेवून, वामकुक्षी आटोपून आला. शटर वर गेलं, दिवे लागले, आतली माणसं जागेवर बसली. "चढला!" दिवेवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघांनी रीतसर तालीम केली. ताई दारात उभ्या, दिवेवाले आत. शटर खाली, आकडा खाली. शटर वर, आकडा वर. मधे दादाच्या गल्लीच्या बाजूची वीज गेली. तेवढा वेळ सर्व्हरही विश्रांती घेऊन आला. मग सर्व्हरलाच विचारलं की मागण्या येतात कुठून. सगळ्या एकाच पत्त्यावरून येत होत्या.

"आपला सर्व्हर दुपारी जेवायला जातो," दिवेवाले म्हणाले. "तुझ्या दादाबरोबर."

टाचणीताईंचा चेहरा असा फुलला की लग्नातही फुलला नव्हता. "पाडतोय तो मला. मुद्दाम. हंगामाच्या तोंडावर! आता बघा हो, त्याला असा उभा टाचते की..."

"आधी बघून तरी ये तिथे काय चाललंय."

"मी? त्या दुकानात?"

"तू म्हणून नको जाऊस."

घरभर वेश असलेल्या बाईला दुसरं कुणी व्हायला कितीसा वेळ लागतो? पांढरा टोप, जाड भिंगांचा चष्मा, टाचेपर्यंत कोट, पोटाला उशी, हातात काठी. जोडणी अर्थातच बिनचूक. दिवेवाल्यांनी मागून पाहिलं. "वाक जरा. पाठ अजून टाचणीताईंचीच आहे."

दादाने त्यांना दारातच पाहिलं आणि लगबगीने पुढे आला. "या, या बाईसाहेब! बसा, हा कोच आपलाच आहे." टाचणीताई त्या कोचावर आयुष्यात पहिल्यांदा बसल्या. मऊ होता मेला. मग त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. स्टूल खरोखरच ठेवलेलं होतं. त्यावर एक कुंडी होती, आणि कुंडीत एक मेलेलं झाड.

"मला खलाशी हवाय," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "नातवाच्या नाटकासाठी."

काउंटरवरची मुलगी आपल्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वळली आणि ताई कोचावरून पुढे झुकल्या. पडद्यावर त्यांचाच खलाशी होता. त्यांनी शिवलेली कॉलर, त्यांनी लिहिलेलं 'रुमालाची गाठ डावीकडे'. आणि पडद्याच्या वरच्या कडेला, जिथे त्यांच्या दुकानाचं नाव यायचं, तिथे सोनेरी किनार चिकटवलेली. प्रत्येक काउंटरवर एक पडदा, प्रत्येक पडद्याला किनार. वडिलांच्या कपाटातली, राणीच्या ओढणीला लावायची.

एवढ्यात पडदा लुकलुकला. सगळेच लुकलुकले. सगळे फोटो गेले आणि एकेक करत परत आले.

"हे काय सारखं फडफडतंय?"

"ते आपोआप ताजं होतं, आजी," मुलगी कौतुकाने म्हणाली. "नवी जोडणी आली की लगेच दिसावी म्हणून. आमच्या साहेबांनीच बसवलीये सगळी. वडिलांपासून चालत आलेली विद्या आहे त्यांची."

दादा मागे नम्रपणे हसला.

मुलीने खलाशाचे कपडे मेजावर आणले आणि सदऱ्यावर रुमाल, रुमालावर पट्टा असे रचायला घेतले. उलटं. साफ उलटं. टाचणीताईंनी काठी घट्ट धरली, पण दुसरा हात त्यांचं ऐकेना. तो आपणहून पुढे गेला, सदरा वर आला, पट्टा तळाशी गेला, कापडाची चार टोकं जुळली आणि गाठ बसली.

दादा बघत राहिला. "बाईसाहेब, हात फार सराईत दिसतो."

"माहेरची लाँड्री होती," टाचणीताई म्हणाल्या आणि गाठोडं तिथेच टाकून, कमरेतून वाकायचं विसरून, ताठ बाहेर पडल्या.

घरी येऊन त्यांनी टोप भिंतीवर भिरकावला. दिवेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"हसताय काय?"

"अगं, तो तुला पाडत नाहीये. तो तुझ्यावर जगतोय! तुझ्या जोडणीशिवाय त्याला एक खलाशी उभा करता येत नाही. आपला सर्व्हर मरतोय तो त्या ताजं होण्याने. दरवेळी आपण सगळे फोटो, टाका दिसावा म्हणून, मोठ्या मूळ फोटोतून नव्याने कापून देतो ना."

"नव्याने? दरवेळी? असं कुठल्या शहाण्याने ठरवलं?"

दिवेवाल्यांनी त्यांचीच अट त्यांना ऐकवली. टाकान्‌टाका दिसला पाहिजे.

टाचणीताई खुर्चीत बसल्या. त्यांच्या धंद्याच्या भाषेत हे म्हणजे दारावरून जाणाऱ्या प्रत्येकासाठी ठाणातून नवा कपडा फाडायचा, शिवायचा, दाखवायचा आणि फेकून द्यायचा. "अहो, मग एकदा कापून तयार माल ठेवा ना फळीवर! मागेल त्याला तोच दाखवा."

दिवेवाल्यांनी तेच केलं. फोटो एकदाच कापले, फळीवर मांडून ठेवले. प्रोसेसरचा आकडा घसरत घसरत असा खाली आला की मशीन बंद पडलं की काय वाटावं. समोरच्या दुकानात पडदे लुकलुकतच होते, पण आता ते लुकलुकणं सर्व्हरला मुंगी चावल्याइतकंही लागत नव्हतं. साइट झरझर उघडू लागली.

"झालं," दिवेवाले म्हणाले. "आता त्यांचा पत्ता अडवतो. एक ओळ लिहायची, संपला विषय."

"खबरदार," टाचणीताई म्हणाल्या. त्यांनी एकेक टाचणी ओठांत धरायला सुरुवात केली. हे लक्षण दिवेवाल्यांना ठाऊक होतं. "अडवताय कसले? दादाने मला कोचावर बसवलं, मी त्याला दारातून घालवू? जेवू दे त्याला. मी वाढते."

त्या बसल्या आणि त्यांनी दादासाठी खास जोडण्या रचल्या, फक्त त्याच्या पत्त्याला दिसतील अशा. न्यायाधीशाला विदूषकाची विजार. सेनापतीचा पट्टा दोन बोटं तोकडा. म्हातारीच्या टोपाखाली जाळीच नाही, म्हणजे ऐन रडण्याच्या प्रसंगी टोप मांडीवर. रचताना त्या स्वतःशीच खुदखुदत होत्या. स्वयंपाकघरातही आल्या, तर "विदूषकाची विजार!" म्हणून पुन्हा हसल्या.

दिवेवाल्यांनी सगळं वाचलं. "झकास आहे. एक विचारू? टोप मांडीवर पडला की लोक कुणाला हसतील? दादाला?"

टाचणीताईंचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांना एक जुनी नटी आठवली. भर प्रयोगात तिच्या झग्याचा काठ फाटला होता, आणि पडदा पडल्यावर ती विंगेत येऊन त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली होती. रडली नाही. नुसती थरथरत होती. लोक हसले ते तिला. दुकानदार त्या वेळी घरी जेवत होता.

"नटाच्या अंगावरून सूड नको," त्या म्हणाल्या आणि सगळ्या जोडण्या पुसून टाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, ते पडदे सगळे एकदमच ताजे होतात ना?"

"हो. का?"

"आणि किनार फक्त वरच्या बाजूला आहे."

शनिवारी सकाळी वेशभूषाकार बाई गल्लीत आल्या. ठरल्याप्रमाणे आधी दादाकडे गेल्या. दुकानात आणखीही गिऱ्हाइकं होती. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. त्या काचेचा आणि पिवळ्या दिव्यांचा टाचणीताईंना पहिल्यांदाच आनंद झाला. त्या आपल्या दारात उभ्या होत्या, तोंडात टाचण्या, हातात कुणाचा तरी अंगरखा. आत दिवेवाले कीबोर्डवर बोट ठेवून बसलेले. सबंध आयुष्य त्यांनी याच एका गोष्टीत घालवलं होतं: इशाऱ्याची वाट बघण्यात.

दादाने बाईंना कोचावर बसवलं. मग हात पसरून पडद्यांकडे दाखवलं. ओठांवरून कळत होतं तो काय म्हणतोय ते. वडिलांपासून. विद्या.

टाचणीताईंनी तोंडातली शेवटची टाचणी काढली.

"पडदा," त्या म्हणाल्या.

समोर सगळे पडदे लुकलुकले. फोटो गेले. आणि परत आलेच नाहीत. त्यांच्या जागी, अगदी मधोमध, गल्लीच्या पलीकडून वाचता येतील अशी मोठाली अक्षरं आली:

'ही जोडणी समोरच्या गाठोडी बांधणारीची आहे. रस्ता ओलांडून या.'

क्षणभर दुकानात कुणी हललं नाही. मग दादा हलला. तो एका पडद्यापुढे हात फैलावून उभा राहिला, पण शेजारच्यावरही तेच होतं. तो तिकडे धावला, तर हा उघडा पडला. काउंटरवरच्या मुलीने घाईघाईत पान ताजं केलं. अक्षरं गेली आणि तशीच ठसठशीत परत आली. दादाने एकाची वायर उपटली. ओढताना त्याचा कोपर लागून सोनेरी किनार सुटली आणि त्याच्याच खांद्यावर लोंबू लागली. एका गिऱ्हाइकाने ती अक्षरं मोठ्याने वाचली. दुसरं हसलं. आणि मग सगळेच हसले. यात कुणीही कुणाला साथ म्हणून हसलं नाही.

टाचणीताई दारात उभ्या राहून ते हसू शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मोठा भाऊ, बापाजागी असलेला माणूस, खांद्यावर राणीची किनार घेऊन भर दुकानात फिरतोय. कुणाला दया आली असती. ताईंना नाही आली. त्यांनी ती यायची वाट पाहिली, प्रामाणिकपणे पाहिली, पण नाही आली.

वेशभूषाकार बाई कोचावरून उठल्या, रस्ता ओलांडून आल्या. "गाठोडी बांधणारी म्हणजे तुम्हीच?"

"मीच."

"मग न्यायाधीश दाखवा."

ताईंनी गाठोडं पुढे ठेवलं. बाईंनी डोळे मिटले, अंधारात असल्यासारखा हात आत घातला. सदरा. पट्टी. झगा. मग जाळी, टोप, चष्मा. तळाशी रबराचे तुकडे लागले तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "हंगाम तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.

दादा काही दिवसांनी आला. आपल्या वेळेला, दुकान बंद करून, शटर लोंबकळून ओढून. कुठल्याशा मंडळाला त्याने खलाशांचा अख्खा ताफा कबूल केला होता, आणि पडदे काढून टाकल्यापासून त्याच्या दुकानात रुमाल कुठे आणि कॉलर कुठे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. हातात कपड्यांनी भरलेल्या पिशव्या. ताईंच्या दुकानात गिऱ्हाइकांची रांग होती. तो दारातच घुटमळला.

"टाचणे," तो म्हणाला. नटमंडळींनी दिलेलं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं. "तेवढं बांधून देशील का?"

ताईंच्या तोंडात टाचण्या होत्या. "गिऱ्हाईक म्हणून आलास?"

"हो, तसंच समज."

"मग रांग आहे."

दादाने दुकानभर नजर फिरवली. "बसायला काही?"

"कोच नाही माझ्याकडे. स्टूल ठेवलंय ना तू? घेऊन ये."

दिवेवाले कीबोर्डवरून मान वर करून बघायला लागले. दादाचा चेहरा तांबडा झाला. तो बोलणार होता. त्याच्याकडे गोड शब्द कधीच कमी नव्हते. पण पिशव्या जड होत्या आणि ताफा उद्याचा होता. त्याने पिशव्या तिथेच ठेवल्या आणि रस्ता ओलांडला. शटर वर गेलं, खाली आलं. तो परत आला तेव्हा एका हातात स्टूल होतं आणि दुसऱ्या हातात ती मेलेली कुंडी. कुंडी कुठे ठेवावी ते त्याला कळेना. शेवटी ती त्याने दाराबाहेर ठेवली.

स्टूल उंच. त्याचे पाय जमिनीला टेकेनात. लहानपणी तिचे टेकत नव्हते, तसेच.

"किती वेळ लागेल गं?" त्याने विचारलं.

टाचणीताईंनी पुढच्या गिऱ्हाइकाचं गाठोडं उघडलं, तळापासून, एकेक वस्तू नीट उजेडात धरून, कधी नव्हे इतक्या सावकाश.

"हलू नकोस," त्या दातांतून म्हणाल्या. "टोचेल."